'व्हई जाई' म्हणताना आपण नेमकं काय टाळत असतो?

नाना, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांत कळवायचं असतं, हे मला माहीत होतं. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, सगळ्यांची आधारकार्डं अशी फाईल मी तेराव्याच्या आतच लावली आणि कपाटावर ठेवली. ती तिथे चौदा महिने राहिली.

या चौदा महिन्यांत मी रिकामा बसलो नव्हतो. शाळेत पेपर वेळेवर तपासून दिले. भाच्याची अ‍ॅडमिशन केली. शेजारच्या मुलाच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्याच तलाठी कार्यालयात दोनदा गेलो. घरची फाईल मात्र कपाटावरच. मायने विचारलं की मी म्हणायचो, "व्हई जाई." म्हणजे होऊन जाईल. तिकडे नानांच्या नावावरचं पीककर्ज अडकलं आणि बियाण्यासाठी मायला मामाकडून पैसे उसने घ्यावे लागले. घरात सगळे मला आळशी म्हणाले आणि मीही ते खरं मानलं.

आज मला ते खरं वाटत नाही. आळशी माणूस दुसऱ्याच्या दाखल्यासाठी उन्हात दोन खेपा घालत नाही. मी एका भावनेपासून पळत होतो आणि ती भावना कोणती, हे मला ठाऊक नव्हतं. ते शोधायचं कसं आणि सापडल्यावर करायचं काय, एवढंच या लेखात सांगतो. मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही. अमळनेरच्या अभ्यासिकेत बसणारी मुलं, गावाकडचे शेतकरी आणि स्वतःचं घर, एवढ्या अनुभवाच्या जोरावर आणि थोडं वाचून लिहितो आहे.

चालढकल आतून कशी चालते

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल आणि त्यांच्या सहकारी फ्युशिया सिरॉइस यांनी 2013 साली एक मांडणी केली. वेळेचं नियोजन जमत नाही म्हणून माणूस चालढकल करतो, हा आपला समज अपुरा आहे, असं त्यांचं म्हणणं. काम समोर आलं की मनात काहीतरी बोचतं. काम बाजूला सारलं की बोचणं थांबतं. त्या घटकेपुरतं बरं वाटावं म्हणून आपण पुढच्या दिवसांचं नुकसान पत्करतो.

यातली खरी गोम 'बरं वाटण्यात' आहे. फाईल कपाटावर ठेवली की छातीवरचं ओझं उतरायचं. मनाला ते बक्षीसच मिळालं. पुढच्या वेळी ओझं जाणवलं की मन तोच उपाय काढतं, आणि असं शंभर वेळा झालं की त्याची सवय होते. ओरडून, शपथा घालून, नवीन डायरी आणून ही सवय मोडत नाही, कारण त्यातली एकही गोष्ट त्या बोचण्यापर्यंत पोहोचत नाही.

डायन टाइस आणि रॉय बाउमायस्टर यांनी 1997 साली विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारी मुलं इतरांपेक्षा निवांत होती, त्यांच्या तब्येतीच्या तक्रारीही कमी होत्या. सत्र संपताना पारडं फिरलं. ताण जास्त, आजारपण जास्त, गुणही कमी. दिवसभर रेटारेटी करून चांदण्यात कापूस घेऊन बसणारी बाई आपल्या म्हणीत आहे. त्या म्हणीला मी एकच प्रश्न जोडेन: दिवसा तिला त्या कापसाकडे बघवत का नव्हतं?

आधी एक गाळणी: वाट पाहणं वेगळं

मृगाचा पहिला पाऊस पडला की पेरायची घाई करू नका, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. त्या काळात बियाणं घरात ठेवून आभाळाकडे बघणारा शेतकरी चालढकल करत नसतो. तो कशाची वाट बघतोय ते त्याला सांगता येतं, आणि ती गोष्ट घडली की तो तिफण बाहेर काढतो. तुमच्या थांबलेल्या कामाला हेच लावून बघा. 'मी कशासाठी थांबलोय?' याचं उत्तर एका वाक्यात आणि मोजता येईल असं देता आलं, तर काळजी नको. उत्तर 'जरा निवांत झालो की', 'मूड आला की', 'दिवाळीनंतर' असं असेल, तर पुढे वाचा.

पायरी पहिली: एकच काम निवडा

'मी सगळंच टाळतो' असं म्हणणाऱ्याला मी कागद देतो आणि आठवडाभरात केलेली कामं लिहायला लावतो. पानभर होतात. टाळलेलं असतं दोन-तीनच. त्यातलं एक निवडा आणि डोळ्यांसमोर येईल असं लिहा. 'अभ्यास' असं लिहू नका, 'राज्यशास्त्राचा मागच्या वर्षीचा पेपर वेळ लावून सोडवणं' असं लिहा. 'बँकेचं काम' असं लिहू नका, 'टेबलाच्या खणात पडलेलं बँकेचं पाकीट उघडणं' असं लिहा.

पायरी दुसरी: आठ दिवस फक्त बघा

हे आठ दिवस काम करायचं नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि लोक वगळतात तीही हीच, कारण तिच्यातून हाती काही लागलं असं वाटत नाही.

खिशात छोटी वही ठेवा. काम आठवलं आणि तुम्ही ते बाजूला सारलं, की त्याच क्षणी तीन गोष्टी टिपा. किती वाजले होते, त्याऐवजी काय केलं, आणि अंगात कुठे काय जाणवलं. पोटात गोळा, कानशिलं गरम, घशात आवंढा, खांद्यांवर भार, जे असेल ते. अंग आधी सांगतं, शब्द मागून येतात.

चौथ्या रकान्यात भावनेचं नाव लिहायचं. इथे बहुतेक जण 'कंटाळा' लिहितात. आपल्याकडे कंटाळा हा शब्द घोंगडीसारखा आहे, त्याखाली काहीही झाकलं जातं. ती घोंगडी उचलायला एक प्रश्न उपयोगी पडतो:

*हे काम आत्ता पूर्ण झालं, तर त्यानंतर मला काय बघावं, ऐकावं किंवा मान्य करावं लागेल?*

अभ्यासिकेतला एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज सहा तास वाचायचा, पण सराव पेपर सोडवायला बसायचा नाही. म्हणायचा, "सर, पेपरचा कंटाळा येतो." हा प्रश्न विचारल्यावर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मार्क कळतील." दोन वर्षं घरून पैसे येत होते, वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबत होते. मार्क कमी पडले, तर या आखाजीलाही, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही, वडिलांना नवं साल धरावं लागणार. पेपर न सोडवल्यानं ती शक्यता झाकलेली राहत होती.

रावेरकडच्या एका केळी बागायतदाराची गोष्टही तशीच. बागेत कुकुंबर मोझॅक दिसला होता, पानांवर पिवळे पट्टे, वाढ खुंटलेली. या रोगाचं झाड बरं होत नाही. ते उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं, कारण मावा कीड रोग शेजारच्या झाडावर नेते. हे सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी तो मजूर सांगायचा नाही. उद्या, परवा, पाऊस उघडला की. टिश्यूकल्चरचं प्रत्येक रोप पैसे मोजून आणलेलं. झाड उभं आहे तोवर तोटा झाला असं म्हणावं लागत नाही. उपटलं की तो कबूल केल्यासारखं होतं. माहितीची उणीव नव्हतीच, त्यामुळे कुणी कितीही माहिती सांगितली तरी त्याचा हात हलत नव्हता.

नाव सापडलं की काम लगेच होतं असं नाही, पण आतली पकड सैल होते. 2007 साली लॉस एंजेलिसमधल्या मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने मेंदूच्या प्रतिमा घेऊन पाहिलं, तेव्हा चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. आजी अंधाराला घाबरणाऱ्या पोराला "कशाचं भ्याव वाटतं, सांग बरं" म्हणते, तेव्हा तीही हेच करते.

पायरी तिसरी: भावना पाहून उपाय ठरवा

'लवकर उठा, मोठ्या कामाचे तुकडे करा' हा सल्ला सगळ्यांना सरसकट दिला जातो. पण तापाची गोळी मोडलेल्या हाताला देऊन भागत नाही.

*भीती.* काम बिघडेल, लोक हसतील, मला येत नाही हे उघड होईल. हुशार म्हणून नावाजलेल्या मुलांत ही जास्त दिसते. त्यांच्या मनात 'माझं काम म्हणजेच मी' असं पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे पेपर नापास झाला की माणूसच नापास. इथे काम पणाला लागणार नाही अशी पहिली फेरी घ्यायची. त्या मुलाला मी सांगितलं, पेपर सोडव, पण मार्क मोजू नकोस, उत्तरतालिका माझ्याकडे राहू दे. तीन पेपर असे झाले. चौथ्याला त्यानेच तालिका मागितली. लिहायचं काम असेल तर पहिला मसुदा मुद्दाम वाईट लिहायचा, पेन्सिलीने, पाठकोऱ्या कागदावर. चांगल्या वहीत माणूस घाबरून लिहितो.

*लाज.* भीती काम करण्याआधी येते, लाज उशीर झाल्यावर. दोन महिने फोन केला नाही, म्हणून आता करवत नाही. हप्ता थकला, म्हणून सोसायटीच्या सचिवांसमोरून जाताना माणूस वाट बदलतो. लाजेचं वाईट असं की ती दिवसागणिक व्याज लावते. मूळ काम पाच मिनिटांचं असतं, पण त्यावर साठलेलं 'आता काय तोंड दाखवू' हे डोंगराएवढं होतं. यावर मला एकच गोष्ट चालताना दिसली आहे: पहिल्या वाक्यातच उशीर कबूल करायचा आणि कारणं द्यायची नाहीत. "उशीर झाला, माझी चूक आहे, आता काय करता येईल?" एवढं वाक्य कागदावर लिहून घ्या आणि फोन लावून वाचा. समोरचा माणूस बहुतेक वेळा पुढच्या कामाकडे वळतो. बंद पाकीट असेल तर ते एकट्याने उघडू नका. विश्वासातल्या माणसाला शेजारी बसवा. त्याने काही करायचं नसतं, फक्त बसायचं असतं.

*राग.* हा ओळखू येत नाही, कारण आपल्या घरांत मोठ्यांवर रागावायची सोय नसते. वडिलांनी ठरवलेला कोर्स, मोठ्या भावाने परस्पर कबूल केलेलं काम, कानबाईच्या सणातल्या रोटांचा सगळा बेत दरवर्षी एकाच सुनेवर. तोंडाने 'नाही' म्हणता येत नाही, मग हात 'नाही' म्हणतात. हे लक्षात आलं तर आधी ठरवा, काम खरंच माझं आहे का? नसेल तर बोलावं लागेल, नुसतं लांबवून ते दुसऱ्याचं होत नाही. असेल, पण लादलं गेल्यासारखं वाटत असेल, तर त्यातली एखादी गोष्ट स्वतःच्या मर्जीने बदला. वेळ, पद्धत, जोडीदार. तेवढी मोकळीकही पुष्कळ असते.

*गोंधळ.* कुठून सुरू करायचं ते कळत नाही. यावर बळ लावू नका, माणूस गाठा. जे काम तुम्हाला डोंगर वाटतं, ते रोज करणारा कुणीतरी तालुक्याला असतोच. त्याला फक्त 'पहिला कागद कोणता?' एवढं विचारा.

*खरा कंटाळा* फार कमी वेळा निघतो. निघाला तर गाणी लावा, गप्पा मारत करा, पंचवीस मिनिटांचा गजर लावा. यावर जास्त लिहावं असं काही नाही.

*दुःख.* याची गोष्ट माझीच. मी वहीत चौदा दिवस 'कंटाळा' आणि 'वेळ नाही' लिहीत राहिलो. मग तो प्रश्न स्वतःला विचारला. हे काम झालं तर मला काय बघावं लागेल? उत्तर लगेच आलं आणि मी वही मिटली. वारस नोंद झाली की मयत खातेदाराचं नाव कंसात जातं. तलाठी सहज म्हणतात, "नाव कंसात जाईल, खाली वारस लागतील." नानांचं नाव मला माझ्या हाताने कंसात घालायचं नव्हतं. फाईल कपाटावर होती तोवर सरकारदरबारी तरी नाना शेत कसत होते.

दुःखापुढे बारीक पावलं, गजर, वेळापत्रक यांचा उपयोग होत नाही. दुःखाला आधी रडायला जागा हवी असते, आणि शक्यतो सोबत. मी मायला हे सांगितलं. चौदा महिन्यांत आम्ही दोघं नानांविषयी असे बोललोच नव्हतो. दोघंही एकमेकांना सांभाळत होतो. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "नाना कागदवर नहीत रे, वावरमा शेतस." नाना कागदावर नाहीत, वावरात आहेत. त्या संध्याकाळी आम्ही बराच वेळ रडलो. फाईल मी चार दिवसांनी खाली काढली. ती जड होती, पण उचलता येत होती.

तुमच्याकडेही असं एखादं काम असेल. आईचं कपाट, गेलेल्या भावाचा मोबाईल नंबर, मोडलेल्या लग्नाची कागदपत्रं. त्याला आळस म्हणू नका. कागदाला मुदत असेल तर कागदापुरतं कुणाला तरी सोबत न्या. मुदत नसेल तर कपाट बंद राहिलं तरी चालेल. नानांचा कोट अजून खुंटीवर आहे आणि तो काढायची मला घाई नाही.

पायरी चौथी: दारापर्यंतच जायचं ठरवा

भावना ओळखली, तिच्याजोगा उपाय केला, आता काम. पहिलं पाऊल इतकं लहान घ्या की बोचणं जागं व्हायच्या आत ते होऊन गेलं पाहिजे. माझं पहिलं पाऊल होतं फाईल कपाटावरून काढून जेवणाच्या ओट्यावर ठेवणं. दुसऱ्या दिवशी फक्त उघडणं. तिसऱ्या दिवशी कोणता कागद कमी आहे ते बघणं.

पावलाला वेळ आणि जागा बांधा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 'जर-तर' पद्धतीच्या ठरावांवर बरंच काम केलं आहे. 'मी उद्या करेन' यापेक्षा 'सकाळी चहाचा कप खाली ठेवला की फाईल उघडेन' हे जास्त वेळा घडतं, कारण आठवण ठेवायचं काम चहाच्या कपाकडे जातं. आपल्या उन्हाचाही हिशेब धरा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो, तेव्हा दुपारी दोनला 'आता बसतो' असं ठरवणं म्हणजे हरण्याची तयारी. नकोसं काम सकाळी आठच्या आत.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. फोन चालढकलीचं मूळ नसतो. पण बोचणं सुरू झालं की पळायला सगळ्यात जवळचं दार तोच असतो.

पायरी पाचवी: मागचा उशीर माफ करा

स्वतःला बोल लावल्याने माणूस सुधारतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मायकेल वोल, पिचिल आणि बेनेट यांनी 2010 साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात वेगळं दिसलं. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. आतल्या यंत्राकडे पाहिलं तर हे पटतं. टोचणी वाढली की त्या कामाशी आणखी एक वाईट भावना जोडली जाते, आणि त्या भावनेपासून तर आपण पळत असतो.

माफी म्हणजे सूट नव्हे. वहीत तीन ओळी लिहा: माझ्यामुळे काय नुकसान झालं, मी तेव्हा कशाला घाबरलो होतो, आणि आता पुढचं पाऊल कोणतं. पहिली ओळ चुकवू नका. माझी पहिली ओळ होती, 'मायला मामापुढे हात पसरावा लागला.' ती लिहिताना त्रास झाला. त्याच आठवड्यात मी मामांकडे जाऊन आलो.

घरातलं कुणी टाळत असेल तर

'कधी करणार?' हा प्रश्न बंद करा. त्याचं उत्तर नेहमी 'उद्या' असतं. त्याऐवजी, "यातलं सगळ्यात नकोसं काय वाटतं तुला?" असं विचारा आणि गप्प बसा. पोरगं लगेच बोलणार नाही. शेतरस्त्याची, कशाचीही गोष्ट काढेल. बोलू द्या. आणि चारचौघांत, विशेषतः पाहुण्यांसमोर, त्याला आळशी म्हणू नका. तो शब्द एकदा चिकटला की मुलगा त्याच शब्दाला जागायला लागतो.

कधी डॉक्टरांकडे जावं

एक-दोन कामांपुरतं नाही, आंघोळ, जेवण, आवडीच्या गोष्टी सगळंच नकोसं झालं, झोप बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर ते नैराश्य असू शकतं. लहानपणापासून कशावरच लक्ष टिकत नसेल, वस्तू हरवत असतील, तर त्याचीही तपासणी होते आणि उपचार असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे मानसोपचार विभागात दाखवता येतं. जाणं जमत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर आजच फोन करा, वही-पेन्सिल नंतर.

आमची वारस नोंद झाली. हरकतीची मुदत संपली, फेरफार मंजूर झाला आणि मी नवा सातबारा छापून घरी आणला. दोन दिवस तो माझ्या बॅगेतच राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि तो मायच्या हातात दिला. तिला अक्षरं जुळवून वाचता येतं. तिने आधी कंसातल्या नावावर बोट ठेवून ते सावकाश वाचलं, आणि मग त्याच्या खालचं, स्वतःचं.